स्थावर संपदा अभिकर्त्याची नोंदणी : खानदेशातील व्यवहारांच्या संदर्भात

मध्यस्थाच्या धंद्यास परवान्याचे बंधन असावे, ही कल्पना खानदेशास नवी नाही. १९२७ च्या मुंबई कापूस बाजार कायद्याखाली धुळ्यास नियंत्रित बाजार सुरू झाला, तेव्हापासून येथील अडत्या परवानाधारक आहे. रुमालाखाली बोटे दाबून होणारे सौदे बंद व्हावेत, लिलाव उघड व्हावा, मापाडी आणि तोलणार यांची नावे नोंदलेली असावीत आणि शेतकऱ्याच्या पट्टीतून काय कापले गेले हे त्याला कळावे, हा त्या व्यवस्थेचा हेतू होता. पुढे ती इतर शेतमालासही लागू झाली. ज्या जमिनीत तो कापूस पिकला त्या जमिनीचा सौदा जमविणाऱ्या दलालास मात्र २०१७ पर्यंत कोणताही परवाना लागत नव्हता. कापसाच्या एका गाडीच्या विक्रीवर जेवढी देखरेख होती, तेवढीही देखरेख एखाद्या कुटुंबाच्या आयुष्यभराच्या पुंजीने घेतल्या जाणाऱ्या भूखंडावर नव्हती.

याचे कारण जमीनविषयक कायद्यांच्या रचनेत सापडते. १९०८ च्या नोंदणी कायद्यास दस्तऐवज दिसतो. त्या दस्तऐवजापर्यंत दोन पक्षांना आणून सोडणारा माणूस दिसत नाही. खरेदीखतात लिहून देणार असतो, लिहून घेणार असतो, चतुःसीमा असतात, मोबदल्याचा भरणा कसा झाला याचा तपशील असतो. ज्याने जागा दाखविली, भाव पाडला किंवा चढविला, इसार ठरविला, त्याचा उल्लेख नसतो. फार झाले तर तो साक्षीदार म्हणून सही करतो. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयाबाहेर ज्याच्याशिवाय पान हलत नाही, तो कार्यालयाच्या आत केवळ ओळख पटविणारा इसम असतो.

अर्थात दलाल सर्वस्वी कायद्याबाहेर होता असे मात्र नव्हे. १८७२ च्या करार कायद्याच्या दहाव्या प्रकरणात अभिकर्ता आणि त्याचा धनी यांच्या संबंधांचे नियम आहेत आणि ते आजही लागू आहेत. वेगळा करार नसेल तर काम पुरे होईपर्यंत अभिकर्त्यास मोबदला मागता येत नाही (कलम २१९). कामात गैरवर्तन केले असेल तर त्या भागापुरता मोबदल्यावरचा त्याचा हक्क जातो (कलम २२०). धन्याला न कळविता अभिकर्त्याने स्वतःच्या हिशेबी व्यवहार केला तर त्यात मिळालेला लाभ धनी मागू शकतो (कलम २१६). शेवटचा नियम विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. शेतकऱ्याकडून एका भावाने ‘साठेखत’ स्वतःच्या नावे करून घ्यावयाचे आणि मधला फरक खिशात घालून दुसऱ्याच्या नावे खरेदीखत करून द्यावयाचे, ही दलालीच्या धंद्यातील जुनी युक्ती आहे. तिच्यावर उपाय दीडशे वर्षांपासून पुस्तकात आहे. परंतु तो दिवाणी न्यायालयात दावा लावून मिळवावयाचा उपाय आहे, आणि चार-पाच गुंठ्यांच्या भूखंडासाठी तेवढा काळ आणि खर्च सोसणारा माणूस विरळाच.

२०१६ चा अधिनियम आणि अभिकर्त्याची व्याख्या

स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ (२०१६ चा अधिनियम क्रमांक १६) यास २५ मार्च २०१६ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली. त्याची काही कलमे १ मे २०१६ पासून आणि उरलेली, म्हणजे नोंदणीची मुख्य कलमे, १ मे २०१७ पासून अंमलात आली. महाराष्ट्र शासनाने ८ मार्च २०१७ च्या अधिसूचनेने महाराष्ट्र स्थावर संपदा नियामक प्राधिकरण स्थापन केले. ‘महारेरा’ या आखूड नावाने ते सर्वपरिचित आहे. त्याच वर्षी एप्रिलमध्ये राज्याचे नियमही प्रसिद्ध झाले. अधिनियमाच्या वैधतेस अनेक विकासकांनी आव्हान दिले होते. मुंबई उच्च न्यायालयाने ६ डिसेंबर २०१७ रोजी नीलकमल रिअल्टर्स प्रकरणात तो वैध ठरविला.

अधिनियमातील अभिकर्त्याची व्याख्या व्यापक आहे. प्रकल्पातील भूखंड, सदनिका किंवा इमारत यांच्या विक्रीव्यवहारात दुसऱ्याच्या वतीने बोलणी करणारा आणि त्याबद्दल दलाली किंवा अन्य नावाने मोबदला घेणारा तर तीत येतोच. पण केवळ घेणाऱ्याची आणि विकणाऱ्याची कोणत्याही माध्यमातून गाठ घालून देणाराही येतो. दलाल, मध्यस्थ, मालमत्ता व्यापारी, नाव कोणतेही असो, कायद्याच्या दृष्टीने ते सर्व अभिकर्तेच होत. गावातील किराणा दुकानदार, विमा प्रतिनिधी, निवृत्त शिक्षक असे जे लोक ‘सहज एक ग्राहक आणून दिला’ म्हणून पाकीट स्वीकारतात, त्यांनी ही व्याख्या मुद्दाम वाचावी. जळगाव किंवा धुळे यांसारख्या शहरांत हा व्यवसाय पूर्ण वेळ करणारे थोडे आणि जोडधंदा म्हणून करणारे पुष्कळ. व्याख्येने या दोघांत भेद केलेला नाही.

नोंदणीची रीत

अभिकर्ता होऊ इच्छिणाऱ्याने आज प्रथम काय करावयाचे, याचे उत्तर २०१७ मध्ये वेगळे होते आणि आता वेगळे आहे. आरंभीची सहा वर्षे अर्ज, कागदपत्रे आणि शुल्क एवढ्यावर नोंदणी मिळे; अर्जदारास या व्यवसायाचे काही ज्ञान आहे की नाही हे कोणी विचारीत नसे. १० जानेवारी २०२३ च्या आदेशाने महारेराने प्रशिक्षण आणि परीक्षा बंधनकारक केली. वीस तासांचा अभ्यासक्रम पुरा करावयाचा, नंतर परीक्षा द्यावयाची आणि उत्तीर्ण झाल्याचे सक्षमता प्रमाणपत्र मिळवावयाचे, असा हा क्रम आहे. बँकांतील भरतीच्या परीक्षा घेणारी आय.बी.पी.एस. ही संस्थाच ही परीक्षा घेते. पहिली परीक्षा मे २०२३ मध्ये झाली. जुन्या नोंदणीधारकांना काही मुदती वाढवून देण्यात आल्या आणि १ जानेवारी २०२४ पासून प्रमाणपत्रावाचून व्यवसाय करण्यास मनाई झाली. त्या वर्षी प्रमाणपत्र सादर न करणाऱ्या सुमारे वीस हजार अभिकर्त्यांची नोंदणी महारेराने एक वर्षासाठी स्थगित केली. राज्यातील नोंदणीकृत अभिकर्त्यांची तेव्हाची एकूण संख्या पाहता हा आकडा लहान नव्हे. नोंदणी घेतलेल्यांपैकी किती जण व्यवसायाकडे गांभीर्याने पाहत होते, याचे ते एक मापच म्हणावे लागेल.

प्रमाणपत्र हाती आले म्हणजे महारेराच्या संकेतस्थळावर नमुना ‘जी’ मध्ये अर्ज करावयाचा. व्यक्तीस दहा हजार रुपये आणि व्यक्तीखेरीज अन्य अर्जदारास, म्हणजे भागीदारी पेढी, कंपनी वगैरेंस, एक लाख रुपये असे शुल्क आहे. दोघा भावांनी एकत्र बसून पेढी काढली तर एक लाख आणि त्याच दोघांनी एकाच टेबलाच्या दोन बाजूंस बसून स्वतंत्र नोंदणी घेतली तर वीस हजार, असा याचा हिशेब होतो. लहान शहरातील व्यावसायिक कोणता मार्ग पत्करील हे सांगणे नलगे. परिणामी ज्या पेढीस हिशेब, कर्मचारी आणि कायमचा पत्ता असतो, तिला हे शुल्क जड जाते, आणि एकट्याने फिरणाऱ्यास ते सोपे जाते. शुल्काच्या रचनेने उत्तेजन कोणास दिले, याचा विचार नियमकर्त्यांनी केला असावा असे दिसत नाही.

अर्जासोबत आधार, पॅन, छायाचित्र आणि धंद्याच्या जागेचा पुरावा तर लागतोच. शिवाय मागील तीन वर्षांची आयकर विवरणपत्रे (उत्पन्न करपात्र नसल्यास तसे घोषणापत्र), प्रलंबित दिवाणी वा फौजदारी प्रकरणांचा तपशील आणि अन्य राज्यांत नोंदणी असल्यास तिची माहिती द्यावी लागते. आणखी एक कागद महाराष्ट्राच्या नियमांत मागितला आहे. अभिकर्ता जे पत्रशीर्ष, जो रबरी शिक्का आणि पैसे मिळाल्याची जी पोच वापरणार असेल, त्यांच्या प्रती त्याने सादर करावयाच्या. वरवर पाहता ही बाब क्षुल्लक वाटेल. परंतु या व्यवसायातील पुष्कळ तंटे वहीच्या फाडलेल्या पानावर लिहिलेल्या ‘इसार मिळाला’ या दोन शब्दांतून उद्भवतात, हे ज्यास ठाऊक आहे त्यास या नियमाचे महत्त्व पटेल.

अर्ज मान्य झाल्यास नमुना ‘एच’ मध्ये प्रमाणपत्र मिळते. अर्जदाराचे म्हणणे ऐकून घेतल्याखेरीज अर्ज फेटाळता येत नाही. आणि विहित मुदतीत प्राधिकरणाने काहीच न कळविल्यास नोंदणी झाली असे मानले जाते. प्रमाणपत्र पाच वर्षे चालते, नंतर नूतनीकरण करावे लागते. ते धंद्याच्या प्रत्येक जागी ठळकपणे लावावयाचे आणि आपला नोंदणी क्रमांक व्यवहाराच्या प्रत्येक कागदावर घालावयाचा. अभिकर्त्याचा क्रमांक इंग्रजी ‘ए’ या अक्षराने सुरू होतो, प्रकल्पाचा ‘पी’ या अक्षराने. जाहिरातीत एकच क्रमांक दिसला तर तो कोणाचा, हे यावरून ओळखता येते. ‘नोंदणीकृत’ हा शब्द दलालाच्या बाबतीत खरा आणि प्रकल्पाच्या बाबतीत खोटा असू शकतो.

नोंदणीनंतर कलम १० ची कर्तव्ये लागू होतात. नोंदणी नसलेल्या प्रकल्पातील विक्रीस हातभार लावावयाचा नाही. हिशेबाची पुस्तके ठेवावयाची. नसलेल्या मंजुऱ्या असल्याचे सांगणे, दिशाभूल करणारी विधाने करणे अशा अनुचित प्रथांपासून दूर राहावयाचे. आणि खरेदीदार ज्या माहितीचा व कागदपत्रांचा हक्कदार आहे ती सर्व त्याला नोंदणीच्या वेळीच मिळतील अशी व्यवस्था करावयाची. याखेरीज इतर कायद्यांची बंधने आहेत. वर्षाची उलाढाल वीस लाखांवर गेली की वस्तू व सेवा कराची नोंदणी लागते. आणि २८ डिसेंबर २०२० च्या अधिसूचनेनुसार वीस लाख वा अधिक उलाढालीचे अभिकर्ते काळा पैसा प्रतिबंधक कायद्याखाली ग्राहकांची ओळख नोंदविण्यास बांधलेले आहेत. दलालीचा दर मात्र कोणत्याही कायद्याने ठरविलेला नाही. शेकडा एक किंवा दोन, आणि पुष्कळदा दोन्ही बाजूंकडून, असा प्रघात आहे. दोन्ही बाजूंकडून मोबदला घेणारा नेमका कोणाचा अभिकर्ता, हा प्रश्न २०१६ च्या अधिनियमाने विचारलेला नाही. शेतमालाच्या बाजारात हा प्रश्न निदान विचारला तरी गेला. जुलै २०१६ मध्ये महाराष्ट्राने फळे व भाजीपाला यांची अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यावी असे ठरविले. जमिनीच्या बाबतीत तशी वाच्यता नाही.

नोंदणी कोठे लागते, कोठे लागत नाही

येथवर वर्णिलेली रीत कोणासही महिन्या-दोन महिन्यांत पुरी करता येईल. खरा प्रश्न पुढेच आहे, आणि तो कलम ९ च्या शब्दांत दडलेला आहे. त्या कलमाप्रमाणे, कलम ३ खाली नोंदलेल्या प्रकल्पातील आणि नियोजन क्षेत्रात प्रवर्तकाकडून विकल्या जाणाऱ्या भूखंडाचा, सदनिकेचा वा इमारतीचा व्यवहार नोंदणीवाचून घडवून आणण्यास अभिकर्त्यास मनाई आहे. यातील प्रत्येक अट मोजून पाहिली पाहिजे. प्रकल्प नोंदलेला हवा. विकणारा प्रवर्तक हवा. क्षेत्र नियोजनाखालचे हवे. यांपैकी एक अट सुटली की कलम ९ ची मनाईही सुटते.

खानदेशातील जमीन-दलालाचा दिनक्रम या अटींशी ताडून पाहावा. सकाळी तो एखाद्या मध्यमवर्गीय वसाहतीतील जुने घर दाखवितो. हे घर मालक विकतो, प्रवर्तक नव्हे. म्हणजे पुनर्विक्री कलम ९ च्या बाहेर. दुपारी तो यावल किंवा रावेरच्या बाजूस केळीचा मळा दाखविण्यास जातो. शेतजमीन ही या अधिनियमाच्या अर्थाने प्रकल्प नव्हे, तीही बाहेर. संध्याकाळी शहरात उभ्या राहत असलेल्या तीन मजली इमारतीतील सदनिका तो दाखवितो. जमिनीचे क्षेत्र ५०० चौरस मीटरहून किंवा सदनिकांची संख्या आठाहून अधिक नसेल, तर कलम ३ अन्वये तो प्रकल्पच नोंदणीतून मुक्त आहे. पाचशे चौरस मीटर म्हणजे पाच गुंठ्यांहून किंचित कमी. मुंबईत ही सूट किरकोळ ठरते. जळगाव-धुळ्यासारख्या शहरांत, जेथे एकेका भूखंडावर आटोपशीर इमारती उभ्या राहतात, तेथे तिची व्याप्ती सहज वाढते. दिवसभरात दलालाने तीन व्यवहारांना हात घातला आणि त्यांपैकी एकासही परवान्याची गरज नव्हती, असे घडू शकते.

उरते ते भूखंडांचे रेखांकन, आणि सामान्य खरेदीदाराचा धोका सर्वांत मोठा येथेच असतो. शहराच्या हद्दीलगतचे एखादे शेत घ्यावयाचे, चुन्याच्या रेषा आखावयाच्या, मुरुमाचा रस्ता टाकावयाचा, कमान उभारून तिच्यावर नगराचे नाव लिहावयाचे आणि भूखंड विकण्यास प्रारंभ करावयाचा, हे दृश्य महामार्गाच्या कडेने जाणाऱ्या कोणासही परिचित आहे. धुळे हे मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर या दोन महामार्गांच्या छेदावर वसलेले, जळगाव त्यांपैकी दुसऱ्या मार्गावर. त्यामुळे ‘हायवे टच’ हा शब्द येथील जाहिरातींत मुबलक आढळतो. असे रेखांकन ५०० चौरस मीटरहून मोठे असल्याने आणि नियोजन क्षेत्रात प्रवर्तक ते विकीत असल्याने त्याची नोंदणी आवश्यक असते. नियोजन क्षेत्राच्या व्याख्येत प्रादेशिक योजनेचे क्षेत्रही येते. जागा महापालिकेच्या हद्दीबाहेर आहे एवढ्यावरून ती सूट मिळत नाही.

आता समजा, प्रवर्तकाने नोंदणी केलीच नाही आणि विक्री घडवून आणणाऱ्या दलालानेही केली नाही. कलम ९ ची मनाई ‘नोंदलेल्या’ प्रकल्पापुरती आहे. हा प्रकल्प तर नोंदलेला नाही. न नोंदलेल्या प्रकल्पात विक्रीस हातभार न लावण्याचे कर्तव्य कलम १० मध्ये आहे खरे. पण ते ‘कलम ९ खाली नोंदलेल्या’ अभिकर्त्यावर आहे, आणि हा अभिकर्ता नोंदलेला नाही. अभिकर्त्यावरील दंडाचे कलम ६२ हे कलम ९ किंवा १० च्या भंगासाठी आहे. शब्दशः वाचन केले तर ज्याने सर्वच नियम धाब्यावर बसविले तो दलाल या दोन कलमांच्या मधल्या फटीतून निसटतो, आणि ज्याने नोंदणी घेतली त्याच्यावर मात्र बंधनांचा पूर्ण भार पडतो. कायद्याचा हेतू असा नव्हता हे उघड आहे. व्याख्येची व्यापकता त्याच्या उलट साक्ष देते. तथापि दंडात्मक तरतुदींचा अर्थ संकुचितपणे लावावा हे तत्त्व न्यायालयांत रूढ असल्याने ही फट केवळ तर्काची करमणूक म्हणून सोडून देता येत नाही. प्रवर्तक सुटत नाही, हे येथे नोंदले पाहिजे. नोंदणी न केल्याबद्दल कलम ५९ अन्वये त्यास प्रकल्पाच्या अंदाजित खर्चाच्या दहा टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो. परंतु रेखांकन विकून झाल्यावर प्रवर्तकाचा पत्ता पुष्कळदा बदललेला असतो. गावात राहतो तो दलाल.

जेथे कलम ६२ लागू होते तेथे ते कडक आहे. दंड दर दिवशी दहा हजार रुपये, आणि एकूण मर्यादा ज्या मालमत्तेचा व्यवहार घडविला तिच्या किमतीच्या पाच टक्के. भूखंड वीस लाखांचा असेल तर पाच टक्के म्हणजे एक लाख. ही मर्यादा दहा दिवसांतच गाठली जाते. शेकडा दोनने दलाली मिळाली असती चाळीस हजार. नोंदणीचे शुल्क दहा हजार. साधा हिशेब जाणणाऱ्यास नोंदणी न घेणे परवडत नाही. पण हा हिशेब तक्रार झाली तरच लागू पडतो. कलम ३१ अन्वये प्रवर्तकाप्रमाणेच अभिकर्त्याविरुद्धही तक्रार करता येते, ही गोष्ट कित्येक खरेदीदारांना ठाऊक नसते.

परवाना कशाची हमी देतो

भुसावळच्या रेल्वेतून निवृत्त झालेला एखादा कर्मचारी भविष्य निर्वाह निधीच्या रकमेतून जळगावनजीक भूखंड घेऊ पाहतो, असे उदाहरण कल्पावे. दलालाकडे नोंदणी आहे, भिंतीवर प्रमाणपत्र आहे, परीक्षा उत्तीर्ण झालेली आहे. एवढ्याने त्याची कोणती चिंता मिटते?

जमिनीच्या हक्काची चिंता मिटत नाही. खानदेशातील जमिनीचे कायदेशीर स्वरूप एकविध नाही. सातपुड्याच्या पायथ्याशी चोपडा, यावल, रावेर आणि शिरपूर, तसेच पश्चिमेकडे साक्री, या तालुक्यांत आदिवासी खातेदारांच्या जमिनी आहेत. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ नुसार त्या बिगर-आदिवासीकडे हस्तांतरित करण्यास जिल्हाधिकाऱ्याची आणि विक्रीच्या बाबतीत शासनाचीही पूर्वमान्यता लागते. काही जमिनी भोगवटादार वर्ग २ च्या असतात; त्यांचे हस्तांतरण परवानगीवाचून होत नाही. १९४८ च्या कूळकायद्याचे कलम ६३ शेतकरी नसलेल्यास शेतजमीन घेण्यास अडविते. १९४७ चा तुकडेबंदी कायदा प्रमाणभूत क्षेत्राहून लहान तुकड्याच्या विक्रीस आडवा येतो. २०२३ मध्ये राज्याने बहुतेक जिल्ह्यांसाठी हे क्षेत्र बागायतीस दहा आणि जिरायतीस वीस आर असे उतरविले, आणि नागरी क्षेत्रातील जुने तुकडे नियमित करण्याची पावले त्यानंतर उचलली गेली. यांपैकी प्रत्येक गोष्ट सातबाऱ्यावर किंवा फेरफारावर कोठे तरी लिहिलेली असते. इतर हक्काच्या रकान्यातील एक ओळ वाचता येणे हे या प्रदेशातील अभिकर्त्याचे खरे कौशल्य होय, आणि ते वीस तासांच्या अभ्यासक्रमाने कितपत यावे याविषयी शंका घेण्यास जागा आहे. जुन्या पिढीतील कित्येक दलाल कोणतीही परीक्षा न देता ही ओळ वाचू शकत, हेही न्यायाने सांगितले पाहिजे. मात्र ती ग्राहकास वाचून दाखविण्याची सक्ती त्यांच्यावर नव्हती. कलम १० ने आणलेला फरक तो हा.

पैशाच्या सुरक्षिततेची चिंताही पुरती मिटत नाही. नोंदणीकृत विक्रीकरार होईपर्यंत प्रवर्तकास किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही (कलम १३), आणि खरेदीदारांकडून आलेल्या रकमेपैकी सत्तर टक्के स्वतंत्र बँक खात्यात ठेवावी लागते. ही बंधने प्रवर्तकावर आहेत. दलालाच्या हाती ‘टोकन’ म्हणून पडलेल्या रकमेसाठी वेगळे खाते, जामीन किंवा विमा अधिनियमाने मागितलेला नाही. ब्रिटनचा १९७९ चा इस्टेट एजंट्स ॲक्ट याच्या अगदी उलट वाटेने जातो. तो अभिकर्त्यास परवाना घ्यावयास लावीत नाही. कोणीही धंदा करावा, पण ग्राहकाचा पैसा वेगळ्या खात्यात ठेवावा, आणि जो अपात्र ठरेल त्यास धंद्यातून बंदी करावी, असे त्याचे धोरण. अमेरिकेत परवान्याचा मार्ग प्रथम कॅलिफोर्निया राज्याने १९१७ मध्ये धरला आणि पुढे तो सर्व राज्यांनी स्वीकारला. भारतातही हरियाणाने २००८ मध्येच मालमत्ता व्यापाऱ्यांसाठी स्वतंत्र कायदा केला होता. केंद्राच्या अधिनियमाने या परंपरांतून नोंदणी घेतली आणि २०२३ पासून महाराष्ट्राने तीस परीक्षेची जोड दिली. ग्राहकाच्या पैशाचे खाते मात्र कोणी उचलले नाही. वर कल्पिलेल्या निवृत्त कर्मचाऱ्याने इसाराची रक्कम दलालाच्या हाती न देता प्रवर्तकाच्या, नोंदणीत दाखविलेल्या बँक खात्यावर धनादेशाने भरणे, हाच त्यास आज उपलब्ध असलेला उपाय आहे. प्रकल्पाच्या अर्जात प्रवर्तकाने आपल्या अभिकर्त्यांची नावे व पत्ते द्यावयाचे असतात (कलम ४). ती यादी संकेतस्थळावर पाहता येते, आणि समोर बसलेला गृहस्थ तीत आहे की नाही हे दोन मिनिटांत कळते.

राज्याची सीमा

नोंदणी एकदा झाली की ती संपूर्ण राज्यास पुरते. धुळ्याचा अभिकर्ता नाशिक किंवा पुणे येथील प्रकल्पातील सदनिका त्याच क्रमांकावर विकू शकतो, आणि मुलेबाळे नोकरीनिमित्त पुण्यास स्थायिक झालेल्या खानदेशी कुटुंबांच्या बाबतीत हे रोज घडते. पण खानदेशचा व्यवहार महाराष्ट्राच्या सीमेशी थांबत नाही. रावेरहून बऱ्हाणपूर जवळ, पण ते मध्य प्रदेशात. आणि गिरण्यांच्या व हिऱ्यांच्या निमित्ताने सुरतेस गेलेल्या खानदेशी लोकांच्या वस्त्या गुजरातेत. सुरतेतील घर विकून शिरपूर वा अमळनेर येथे भूखंड घेणारे आणि येथील शेत विकून सुरतेत सदनिका घेणारे, असे दोन्ही प्रकारचे ग्राहक एकाच दलालाकडे येतात, कारण तो आप्त असतो किंवा गावचा असतो. महारेराचा क्रमांक तेथे चालत नाही. गुजरातेतील नोंदलेल्या प्रकल्पाचा व्यवहार घडवावयाचा तर गुजरातच्या प्राधिकरणाकडे, बऱ्हाणपूरचा घडवावयाचा तर मध्य प्रदेशच्या प्राधिकरणाकडे स्वतंत्र नोंदणी घ्यावी लागते, वेगळे शुल्क भरावे लागते, आणि महाराष्ट्रातील अर्जात वा नूतनीकरणात त्या नोंदणीचा उल्लेख करावा लागतो.